समुद्र-शंका: पिवळ्या स्पंजाचं नाव काय लिहू?

गेल्या अंकात प्रवाळभिंतींवरच्या स्पंजांबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. शेवटी 'ज्यांचा सांगाडा चुन्याचा असतो ते कॅल्केरिया, त्यांच्याविषयी पुढे कधीतरी' असं म्हणून विषय सोडून दिला. वाचकांना हे 'पुढे कधीतरी' मान्य झालेलं दिसत नाही. म्हणून जेलीफिशचे आणि शंखांचे प्रश्न या खेपेला मागे ठेवते आणि चुन्याचे स्पंजच घेते.

प्रश्न (एक वाचक, दादर): डिसेंबरात लक्षद्वीपला कडमतजवळ डायव्हिंग केलं. साधारण पंधरा मीटर खोलीवर एका कपारीच्या छताला लिंबू रंगाचा, मुठीएवढा स्पंज होता. दोन फोटो पाठवतो आहे. मोबाइलमधल्या ॲपने 'ल्युसेटा चागोसेन्सिस' असं नाव सांगितलं आणि पुढे ९० टक्के खात्री दाखवली. आमच्या क्लबच्या प्रदर्शनात फोटोखाली हेच नाव छापू ना?

उत्तर: छापू नका. निदान तेवढं नाव छापू नका.

फोटो छान आलेत. दुसऱ्या फोटोत स्पंजाचं मोठं तोंड आणि आतली काळोखी पोकळी दोन्ही दिसतात, ते फार कामाचं आहे. ॲपचा तर्कही अगदीच टाकाऊ नाही. ल्युसेटा चागोसेन्सिस तांबड्या समुद्रापासून प्रशांत महासागरापर्यंतच्या प्रवाळभिंतींवर मिळतो, बहुधा अशाच सावलीच्या कपारींत, आणि त्याचा रंगही असाच भडक असतो. १९०५ साली स्टॅनली गार्डिनर यांची मोहीम 'सीलार्क' जहाजातून हिंद महासागरात फिरली. तिने आणलेल्या स्पंजांचा अभ्यास आर्थर डेंडी यांनी केला आणि १९१३ मध्ये या प्रजातीचं वर्णन छापलं. नाव अर्थातच चागोस बेटांवरून पडलं. नकाशात पाहा: लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस हे तिन्ही समूह एकाच बुडालेल्या डोंगररांगेच्या माथ्यावर आहेत. चागोसचा स्पंज लक्षद्वीपला दिसला तर त्यात नवल वाटायचं कारण नाही.

पण रंगावर जाऊ नका. पिवळे स्पंज ढिगाने आहेत, आणि त्यांतले बहुतेक चुन्याचे नसतातच, सिलिकाचे, म्हणजे काचेच्या द्रव्याचे असतात. चुन्याच्या स्पंजांतही क्लॅथ्रिना नावाचा पिवळाधमक गट आहे, मात्र तो बारीक नळ्यांच्या गुंत्यासारखा दिसतो आणि जवळून फोटो असेल तर ओळखू येतो. शिवाय काही अ‍ॅसिडियन, म्हणजे समुद्री पिचकाऱ्यांच्या वसाहती, लांबून पाहिल्यावर हुबेहूब स्पंज वाटतात. अ‍ॅसिडियनला डिवचलं की तो तोंडं आकसून घेतो, स्पंज तसा पटकन हलत नाही. तुम्ही डिवचलं नाहीत हे चांगलंच केलंत. आणि रंगाचा भरवसा तरी किती दिवस? स्पिरिटच्या बाटलीत गेला की हाच पिवळा स्पंज मळकट पांढरा होतो. ब्रिटिश काळातल्या बाटल्यांमधले सगळे एकाच रंगाचे दिसतात.

दुसरी अडचण जास्त गमतीची आहे. समजा, स्पंज खरोखरच चागोसेन्सिस निघाला, तरी चागोसेन्सिस म्हणजे नक्की कोण? हिंद आणि प्रशांत महासागरांतल्या या स्पंजांचा जनुकीय अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या या स्पंजांच्या वेगवेगळ्या ठिकाणच्या गटांत फार जुने, खोल फरक सापडले. याची अळी पोहते खरी, पण थोडाच वेळ. मग एका बेटावरचे स्पंज दुसऱ्या बेटावरच्यांशी सोयरीक करणार कशी? एका नावाखाली अनेक प्रजाती दडलेल्या असणं सहज शक्य आहे. ॲपच्या ९० टक्क्यांत यातलं काहीही धरलेलं नसतं. तुमचा फोटो त्याच्याकडच्या फोटोंशी किती जुळतो एवढंच तो आकडा सांगतो, आणि त्या फोटोंखालची नावं कुणी आणि कशावरून लावली हे विचारायची सोय नाही.

फोटोखाली 'ल्युसेटा, बहुधा. कपारीच्या छतावर, कडमत, लक्षद्वीप' असं लिहा. खोली आणि महिना घाला. पुढच्या वेळी त्याच कपारीत पिवळी, काळ्या ठिपक्यांची किंवा रेघांची, खडबडीत पाठीची गोगलगाय दिसते का ते पाहा. नोटोडोरिस नावाच्या या गोगलगाई चुन्याचेच स्पंज खातात. ल्युसेटामधली कडवट अल्कलॉइड द्रव्यं त्यांच्या अंगातही सापडली आहेत. स्पंजावर नोटोडोरिस बसलेली असेल तर तिच्या साक्षीला मी ॲपपेक्षा जास्त मान देईन.

प्रश्न (एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, मुलुंड): मॅडम, आमच्या विभागात 'चुन्याचा स्पंज, मन्नारचं आखात' अशी चिठ्ठी लावलेली जुनी बाटली आहे, फॉर्मलिनमध्ये ठेवलेली. मॅन्युअलप्रमाणे तुकडा नायट्रिक ॲसिडमध्ये घातला तर फसफसून सगळा नाहीसा झाला. दुसऱ्यांदा ब्लीच वापरलं तर स्लाइडवर थोडे झिजलेले तुकडेच दिसले. स्पिक्यूल कुठे गेले?

उत्तर: स्पिक्यूल, म्हणजे सांगाड्याचे सूक्ष्म काटे, आपल्या मराठी पुस्तकांतल्या कंटिका, दोन हप्त्यांत गेल्या. तुझ्या मॅन्युअलमधली नायट्रिक ॲसिडची कृती सिलिकाच्या स्पंजांसाठी आहे. काचेला ॲसिड काही करत नाही, मांस जळतं आणि काटे उरतात. चुन्याच्या कंटिका कॅल्साइटच्या, त्यात मॅग्नेशियम मिसळलेलं. ॲसिडमध्ये त्या कार्बन डायऑक्साइड सोडत विरघळतात. तू फसफस पाहिलीस ती त्यांचीच.

दुसऱ्या प्रयत्नात तुझं काही चुकलं नाही. ते काम बाटलीने आधीच करून ठेवलं होतं. फॉर्मलिन पडून राहिलं की हळूहळू त्यात फॉर्मिक ॲसिड तयार होतं. बोरॅक्स वगैरे घालून ठेवलं नसेल तर वर्षानुवर्षं ते ॲसिड कंटिका कुरतडत राहतं. बाहेरून स्पंज शाबूत दिसतो, आतला सांगाडा गेलेला असतो. आपल्याकडच्या किती संग्रहांत हे झालं असेल याचा विचार न केलेलाच बरा. चिठ्ठी मात्र फेकू नकोस. ठिकाणाची नोंद अजूनही उपयोगी आहे.

ताजा नमुना रीतसर परवानगीने मिळाला, तर तो आधी फोटो काढून थेट रेक्टिफाइड स्पिरिटमध्ये टाक, फॉर्मलिन नको. दुसऱ्या दिवशी स्पिरिट बदल, कारण स्पंजातलं पाणी त्यात उतरून ते पातळ झालेलं असतं. मग तीन तुकडे घे: एक बाहेरच्या सालीचा, एक आतल्या पोकळीच्या अस्तराचा आणि एक तोंडाच्या कडेचा. तिन्ही वेगवेगळ्या नळ्यांत घाल, कारण या तीन जागी कंटिका वेगळ्या असू शकतात आणि एकत्र विरघळवल्यावर कोण कुठली ते कळत नाही. घरी मोरी धुवायला वापरतात तेच साधं क्लोरिन ब्लीच चालेल. मांस विरघळलं की तळाशी पांढरा गाळ बसतो. ब्लीच अलगद ड्रॉपरने काढ, तीन-चार वेळा पाण्याने धू आणि शेवटी स्पिरिटने. पाण्यात रात्रभर ठेवू नकोस. डिस्टिल्ड वॉटर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्ल होतं, आणि आपल्याला तेच टाळायचं आहे. गाळाचा थेंब स्लाइडवर वाळव आणि डीपीएक्समध्ये, म्हणजे स्लाइडी पक्क्या करायच्या पारदर्शक डिंकात, बसव.

आता पाहायचं काय? कंटिका तीन घडणींच्या असतात: दोन टोकांची सुई, तीन भुजांची आणि चार भुजांची. तीन भुजांची सगळ्यात महत्त्वाची. ती सपाट पडलेली असेल आणि तिन्ही भुजांमधले कोन सारखे, १२० अंशांचे असतील, छताच्या पंख्याच्या पात्यांसारखे, तर तू बहुधा कॅल्सिनिया या उपवर्गात आहेस. एक भुजा सरळ आणि बाकीची दोन पाती तिच्यापासून वेगळ्या कोनात झुकलेली, म्हणजे पंखा पडून वाकल्यासारखा दिसत असेल, तर कॅल्करोनिया. दोन्हींत अपवाद आहेत, म्हणून एका कंटिकेवर निकाल देऊ नकोस. प्रत्येक प्रकाराच्या निदान वीस-तीस मोज. भुजेची लांबी आणि बुडाशी जाडी, दोन्ही मायक्रोमीटरमध्ये. लहानात लहान, मोठ्यात मोठी आणि सरासरी लिही. भुजा टोकाकडे निमुळती होत जाते की शेवटपर्यंत सारखी राहून एकदम संपते तेही लिही. चार भुजांची कंटिका असेल तर तिच्या चौथ्या भुजेवर, जी पोकळीत डोकावते तिच्यावर, बारीक काटे आहेत का ते मोठ्या भिंगाखाली पाहा. नळ्यांच्या गुंत्यासारख्या स्पंजांत नुसत्या या काट्यांवरून प्रजात बदलू शकते.

प्रयोगशाळेत पोलरायझरच्या दोन पट्ट्या मिळाल्या तर एक स्लाइडखाली आणि एक भिंगावर, पहिलीशी काटकोनात, ठेव. सगळं काळं होईल आणि त्या काळोखात कॅल्साइटच्या कंटिका निळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पेटतील. स्टेज फिरवलंस की एकेक विझते आणि पुन्हा पेटते. प्रत्येक कंटिका प्रकाशाच्या दृष्टीने एकच अखंड स्फटिक आहे, आणि तीही जिवंत पेशींनी ओतून घडवलेली. सिलिकाच्या कंटिका या काळोखात दिसतच नाहीत. ॲसिडचा थेंबही न वापरता एवढं कळतं. एक खाच लक्षात ठेव: समान कोनांची तीन भुजांची कंटिका अगदी सपाट पडली असेल तर मंद दिसते, कारण स्फटिकाचा अक्ष तेव्हा सरळ तुझ्या डोळ्याकडे रोखलेला असतो. शेजारी तिरकी पडलेली तिची बहीण पाहा, ती झगझगीत असेल.

स्लाइडबरोबर एक पातळ काप मात्र घेच. दाढीच्या ब्लेडने हाताने घेतलेला चालतो. गाळात कंटिका कोणत्या आहेत ते कळतं, त्या भिंतीत कुठे आणि कशा रचल्या आहेत ते कापातच दिसतं. वंश ठरतो तो या रचनेवर.

प्रश्न (एक आजोबा, गिरगाव): आंघोळीचा स्पंज प्रवाळभिंतीवरचाच का?

उत्तर: आंघोळीचा खरा स्पंज समुद्रातला असतो, पण त्याच्यात काटेच नसतात, स्पंजिनचे नुसते लवचीक धागे असतात. चुन्याच्या स्पंजात स्पंजिन नाही. तो दाबला तर उसळत नाही, चुरतो. त्याने अंग घासलंत तर ओरखडे निघतील. बाजारात 'लुफा' म्हणून मिळतं ते मात्र आपलं घोसाळं, वाळवलेलं.

प्रश्न (प्राणिशास्त्राचे एक प्राध्यापक, ठाणे): आम्ही वर्षानुवर्षं अ‍ॅस्कॉन, सायकॉन, ल्युकॉन या तीन नलिका-रचनांवरून चुन्याच्या स्पंजांचे गट शिकवत आलो. आता वाचतो की वर्गीकरणात त्यांना पहिला मान नाही. मग फळ्यावर काढायचं काय?

उत्तर: तिन्ही आकृत्या काढाच, सर. अ‍ॅस्कॉनमध्ये साधी पिशवी आणि आत पाणी ढकलणाऱ्या कॉलर पेशींचं अस्तर, सायकॉनमध्ये त्याच भिंतीला बोटांसारखे कप्पे, ल्युकॉनमध्ये गोल कोठड्यांची गर्दी. पाणी कसं वाहतं हे समजायला याहून चांगली आकृती नाही. घोळ झाला तो या आकृत्यांवरून कुळं ठरवल्यामुळे, आणि त्याची मुळं १८७२ सालात आहेत.

त्या वर्षी जर्मन प्राणिशास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल यांचा चुन्याच्या स्पंजांवरचा तीन खंडांचा ग्रंथ आला. हेकेलना नीटनेटकेपणाचा सोस भारी. नलिका-रचनेवरून तीन कुळं केली. मग कंटिकांचे तीन प्रकार घेतले. एकेकटा, दोन-दोन जोडीने आणि तिन्ही मिळून अशी सात मिश्रणं होतात. तीन साते एकवीस, म्हणून वंश एकवीस! निसर्गाने हा पाढा पाठ केला होता की नाही याची फारशी चौकशी झाली नाही. माणूस प्रचंड कष्टाळू आणि हात चित्रकाराचा, त्यामुळे त्यांच्या कित्येक प्रजाती आजही टिकून आहेत. ल्युसेटाच्या काही प्रजातींना त्यांनीच नावं दिली. मोडला तो एकवीस वंशांचा चौकोनी कप्पेबंद साचा.

१८९८ मध्ये जॉर्ज बिडर यांनी वेगळाच धागा धरला. कॉलर पेशीत केंद्रक कुठे आहे ते त्यांनी पाहिलं. ते पेशीच्या बुडाशी, कशाभिकेपासून (पेशीच्या चाबकासारख्या शेपटीपासून) सुटं असेल तर कॅल्सिनिया. वरच्या टोकाला, कशाभिकेच्या मुळाशी जोडलेलं असेल तर कॅल्करोनिया. ही कुठली बारीकसारीक गोष्ट, असं विद्यार्थ्यांना वाटेल. पण हिच्याबरोबर बाकी सगळं आपोआप येतं. कॅल्सिनियाची अळी पोकळ गोळ्यासारखी असते. कॅल्करोनियाची अर्धी कशाभिकांची आणि अर्धी बिनकशाभिकांची, आणि ती गर्भावस्थेतच एकदा आतली बाहेर उलटलेली असते. कॅल्सिनियाच्या पिल्लात पहिल्या कंटिका तीन भुजांच्या येतात, कॅल्करोनियाच्या पिल्लात दोन टोकांच्या. शंभर वर्षांनी जनुकं तपासली तेव्हा हे दोन उपवर्ग शाबूत राहिले. त्यांच्या आतले कितीतरी गण आणि कुळं मात्र राहिली नाहीत.

ल्युसेटा ल्युकॉन रचनेचा, क्लॅथ्रिना अ‍ॅस्कॉन रचनेचा. हेकेलच्या हिशेबात दोघं लांबचे. प्रत्यक्षात दोघंही कॅल्सिनियातले, चुलत घरचे. उलट ल्युकॅन्ड्रा हाही ल्युकॉनच, पण तो कॅल्करोनियात बसतो. कोठड्यांची ती गुंतागुंत दोन्हीकडे वेगवेगळी घडली आहे. तेव्हा फळ्यावर आकृत्या राहू द्या, त्यांच्याखालचा कुळाचा मथळा तेवढा पुसा. आणि वर्गात 'सायकॉन'ची तयार स्लाइड असेल तर तिच्यातली एक तीन भुजांची कंटिका मुलांना मोजायला लावा. कंटाळतात, पण परीक्षेनंतरही लक्षात राहतं.

प्रश्न (एक वाचक, डोंबिवली): एवढ्या स्लाइडी कशाला? डीएनए काढा आणि मोकळे व्हा.

उत्तर: बहुतेक प्राण्यांचा बारकोड म्हणून मायटोकॉन्ड्रियातलं एक ठराविक जनुक वापरतात. चुन्याच्या स्पंजांनी तिथेच पंचाईत करून ठेवली आहे. क्लॅथ्रिना क्लॅथ्रसचा मायटोकॉन्ड्रियातला डीएनए २०१३ मध्ये वाचला गेला. नेहमीच्या एका वर्तुळाऐवजी त्याचे सहा सरळ तुकडे निघाले, आणि सांकेतिक लिपीही थोडी वेगळी. नेहमीचे प्रायमर, म्हणजे जनुक पकडायला वापरतात ते डीएनएचे छोटे तुकडे, अशा ठिकाणी टेकत नाहीत. म्हणून केंद्रकातल्या रायबोसोमच्या जनुकांचे भाग वापरतात. ते चालतं, चांगलं चालतं. त्याच बळावर २०१३ मध्ये क्लॅथ्रिना या वंशातून बोरोजेव्हिया, अर्न्स्टिया असे नवे वंश वेगळे काढले. पण वेगळे काढल्यावर त्यांची ओळख लिहायला पुन्हा कंटिकाच घ्याव्या लागल्या. तुमच्या यंत्रातून अक्षरांची एक ओळ येणार आणि ती जगातल्या साठ्याशी ताडून पाहिली जाणार. त्या साठ्यात हिंद महासागराचा हा भाग पुरेसा नसेल, तर जुळणी ऑस्ट्रेलियातल्या भलत्याच कुणाशी होईल आणि तुम्ही आनंदाने तेच नाव लावाल. दोन्ही करा. एकाच नमुन्याचा अर्धा भाग डीएनएला आणि अर्धा स्लाइडला.

प्रश्न (वाचक भगिनी, वर्सोवा): ओहोटीला खडकांवर जाते. चुन्याचा स्पंज ओळखायला त्याच्यावर व्हिनेगरचा थेंब टाकून पाहू का?

उत्तर: नका टाकू. एक तर त्यातून खात्रीचं काही कळत नाही. आपल्या किनाऱ्यावर शिंपल्यांचा चुरा, बार्नेकलची कवचं आणि चुनखडी शेवाळ सगळीकडे आहे. सिलिकाच्या स्पंजात चुरा अडकला असेल तरी फेस येतो. अ‍ॅसिडियनांच्या काही जातींच्या अंगात चांदणीच्या आकाराचे चुन्याचे कण असतात, त्यांच्यावरही येतो. ही परीक्षा मायक्रोस्कोपखाली, बुडबुडा नेमका कंटिकेतून निघताना पाहत, करायची असते.

दुसरं, कायदा. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या परिशिष्टात २००१ साली कॅल्केरिया वर्गातले सगळेच्या सगळे स्पंज घातले गेले. २०२२ च्या दुरुस्तीने परिशिष्टांची मांडणी बदलली. तेव्हा कणभरही उचलण्याआधी वन विभागाला आजचा नियम लेखी विचारा आणि परवानगी घ्या. प्रयोगशाळेत नेल्याशिवाय ओळखू न येणाऱ्या प्राण्याला कायद्याने संरक्षण दिलं आहे, आणि तो ओळखायला तोडावा लागतो. यातून किनाऱ्यावर फिरणाऱ्या माणसाने काढायचा व्यवहारी अर्थ एवढाच की कुठलाच स्पंज तोडू नये.

पाहायला भरपूर आहे. शिंपल्यांतून आणि खडकातून बारीक पिवळे ठिपके डोकावतात तो बहुधा क्लायोना, शिंपला पोखरणारा, सिलिकाचा. चुन्याचा शोधायचा तर सावलीत शोधा: दगडाच्या पोटाखाली, कपारीच्या छताला, पाणी खेळतं पण ऊन आणि गाळ पोचत नाही अशा जागी. सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरची पांढरट पिशवी, वर एकच तोंड आणि तोंडाला उभ्या चमकदार केसांची कड असेल तर मला फोटो नक्की पाठवा. दगड उलटलात तर पाहून झाल्यावर होता तसाच पालथा ठेवा, नाहीतर खालचं सगळं उन्हात मरतं. फोटो दोन हवेत, एक पूर्ण जागेचा आणि एक तोंडाचा जवळून. शेजारी मोजपट्टी नसेल तर दहा रुपयांचं नाणं ठेवा, त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो.